सेतुरावांची नक्षत्रं

सेतुरावांनी आयुष्यात कोणालाही पाच नक्षत्रं दिली नाहीत. आमच्या गल्लीच्या टोकाला जे देऊळ आहे त्याला त्यांनी चार दिली, आणि पाचवं का अडवलं तेही लिहिलं : ‘देव उत्तम. चपला ठेवण्याची जागा लांब.’

नक्षत्र हा त्यांचा शब्द. फोनमधल्या नकाशावर एखाद्या दुकानाच्या, खाणावळीच्या, लॉजच्या नावाला बोट लावलं की खाली लोकांनी दिलेले तारे दिसतात, आणि चार-चार ओळी मतं. जगभरची माणसं हे काम फुकट करतात. बहुतेक जण महिनाभर करतात, कंटाळतात आणि सोडून देतात. सेतुरावांनी निवृत्तीनंतर हे हातात घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. कुंभकोणमात बसायला, खायला, झोपायला, केस कापायला आणि अखेर जळायला जी जी जागा आहे ती त्यांनी तपासलेली होती. हो, स्मशानसुद्धा. ‘सावली पुरेशी. नळ बाहेरच्या अंगास. गेलेल्यांची तक्रार ऐकूं आली नाहीं.’ तीन नक्षत्रं.

त्यांच्याबद्दल मी आजवर कुठे बोललो नाही. घरात विषय निघाला की मी उठून गच्चीवर टाकी भरली का बघायला जातो. सेतुराव गेल्या वर्षी वारले. आता लिहितो. गप्प राहून मी फार काही सांभाळलं असं मला वाटेनासं झालं आहे.

सेतुराव रेल्वेत तिकीट तपासनीस होते. तंजावर ते मायवरम या पट्ट्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पापनाशम् जवळ आलं की फुकटे प्रवासी दाराशी गोळा होत, आणि सेतुराव नेमके त्या दाराशी आधीच उभे असत. उंच, सडपातळ, कपाळावर गोपीचंदनाची काडी, हातात छत्री. ऊन असो नसो, छत्री. निवृत्त झाल्यावर मेलकावेरीतल्या घरी ते वर्षभर नुसते बसून होते. ते वर्ष त्यांना फार जड गेलं.

“वेंकू,” ते मला म्हणाले होते, “हयातभर लोक मज पाहून खिसा चाचपत होते. आतां मी समोर जाऊन उभा राहिलों तरी कोणी हालत नाहीं. जगांत कोणीच मज कांहीं दाखवीना.”

आम्ही तंजावरी मराठी. आमचे पूर्वज मराठी राज्याबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्या वेळी जी मराठी बरोबर आणली तीच आम्ही घरात बोलत राहिलो. तिकडे महाराष्ट्रात तुम्ही ती बदललीत हे आम्हांला कोणी कळवलंच नाही. मी पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली म्हणून माझी मराठी तुमच्यासारखी झाली आहे. सेतुराव मात्र ‘झालं’ला ‘जाहलां’ म्हणत आणि मधूनच तमिळ शब्द पेरत. पुण्याचे माझे एक साहेब एकदा इकडे आले होते. सेतुरावांशी बोलून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे गृहस्थ नेहमी असंच बोलतात, की माझ्यासमोर?”

त्यांच्या जानकीने, एकुलत्या एका मुलीने, त्यांना फोन दिला आणि नकाशावर मत कसं लिहायचं ते दाखवलं. आई गेल्यापासून अप्पा घरात तिचंच तिकीट तपासतात, असं ती म्हणायची. स्वयंपाकाला मीठ कमी पडलं की, शाळेतून यायला उशीर झाला की. जानकी शाळेत गणित शिकवायची. फोन दिल्यावर तिची सुटका झाली आणि गावाची पंचाईत.

त्यांची कामाची रीत अशी. दुकानात शिरताना छत्री उलटी धरून तिची मूठ पायरीला लावायची. मुठीहून पायरी उंच भरली तर म्हाताऱ्यांना अवघड. मग बाकावर बसायचं, पाठ टेकायची, डोळे मिटायचे. मालक विचारायचा, “रावजी, बरं वाटत नाही का?” “वाटतंय का तेंच पाहतों,” हे उत्तर. मग मागवायचं, चाखायचं, पैसे द्यायचे. कोणी फुकट देऊ केलं तर उठून जायचे. एका मिठाईवाल्याने एकदा आग्रहाने लाडवांचा पुडा हातात कोंबला, तर तो त्यांनी त्याच्याच दुकानासमोरच्या गाईला घातला. गाईने हुंगला आणि सोडला. तेही त्यांनी लिहिलं.

सुरुवातीला त्यांना गोडी लागली ती पायऱ्यांची. मत लिहिलं की गुण मिळत, गुण साठले की पायरी चढे, आणि नावापुढे एक नारिंगी चिन्ह येई. हे चिन्ह ते लोकांना दाखवत. भाजीवाल्याला, पोस्टमनला, एकदा तर पूजेला आलेल्या गुरुजींना. मग कुठलीशी पायरी चढल्यावर त्या नकाशावाल्यांकडून पार्सल आलं. आत मोज्यांचा एक जोड. कुंभकोणमात मोजे घालणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा वकील. सेतुरावांनी ते नवरात्रात कोलूत मांडले. आमच्याकडे पायऱ्यांवर देवांच्या बाहुल्या मांडतात, त्यांत, दशावताराच्या शेजारी.

“अप्पा, कोलूत मोजे?” जानकी म्हणाली.

“कां? बाहुल्या बाजारांतून आणल्या. हे मज श्रमाने मिळाले.”

हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या मोज्यांनाही नमस्कार करून गेल्या.

मग पायऱ्या संपल्या. वरचं टोक गाठल्यावर चढायला काही उरलं नाही, आणि त्यांचं लिहिणं जरा मंदावलं. तेव्हा त्यांना पापनाशमच्या पुष्पवल्लीबाईंनी वाचवलं. या बाईंना कोणी पाहिलं नव्हतं. पण सेतुराव जिथे जिथे दोन नक्षत्रं देत तिथे त्या दुसऱ्या दिवशी पाच देत आणि खाली लिहीत, ‘सुपर!’ आणि तीन फुलं. सेतुरावांचा रक्तदाब वाढला, पण तब्येत सुधारली. “ती बाई आहे तोंवर मज मरतां येणार नाहीं,” असं ते म्हणत. पहाटे चहाआधी तिने काल काय लिहिलं ते बघत, आणि छत्री घेऊन निघत.

आता खरी गोष्ट सांगायची तर आमच्या घरातल्या एका सवयीबद्दल आधी सांगावं लागेल. बाहेर आम्ही तमिळ बोलतो आणि घरात मराठी. त्यामुळे मराठी हा आमचा पडदा आहे. माझी आई साडीच्या दुकानात दुकानदाराकडे गोड हसून बघत मावशीला सांगायची, “काठ कच्चा आहे, ऊठ.” दुकानदारही हसून आणखी एक साडी उलगडायचा. पाहुण्यांच्या घरी जेवताना, डॉक्टरसमोर, मुलगी बघायला गेल्यावर आमचं सगळं खरं बोलणं असंच उघड्यावर, सगळ्यांच्या तोंडावर आणि कोणालाही न दुखवता चालतं. यात आम्हांला कधी लबाडी वाटली नाही. हा आमचा सभ्यपणाच आहे. फक्त एक नियम : घरचं बोलणं बाहेरच्याला तमिळमध्ये करून सांगायचं नाही.

सेतुरावांनी हीच रीत नकाशावर नेली. वरची ओळ तमिळमध्ये, अदबशीर. खाली मराठी, देवनागरीत.

कॉफीच्या दुकानाला वर : ‘नावाजलेली कॉफी. मालक विनयशील.’ खाली : ‘दूध गाईचां. त्यांतलां पाणीही गाईनेंच दिलां असावां.’

न्हाव्याला वर : ‘स्वच्छ दुकान. वाट बघावी लागत नाही.’ खाली : ‘जिभेस धार आहे. वस्तऱ्यास लावावी.’

वैत्तीला वर : ‘लग्नकार्यासाठी विश्वासू आचारी.’ खाली : ‘सांबारांत डाळीस पुष्कळ शोधलों. भेट जाहली नाहीं.’

“मामा, असं दोन तोंडांनी का लिहिता?” मी विचारलं.

“वरलां दुकानदारासाठीं. खाललां आपल्या माणसांसाठीं.” आपली माणसं म्हणजे गावातली आमची मोजकी घरं आणि महाराष्ट्रातून देवदर्शनाला इकडे येणारे झाडून सगळे.

दुकानदारांना वरची ओळ वाचून समाधान वाटे, आणि खालची देवनागरी अक्षरं बघून तर भरूनच येई. आमच्याकडे देवनागरी दिसली की माणूस समजतो, संस्कृत आहे, काहीतरी मंगल असणार. गाईने ज्याचा लाडू नाकारला त्या मिठाईवाल्याने सेतुरावांचं मत छापून, चौकट करून गल्ल्यावर देवाच्या तसबिरीशेजारी लावलं. रोज चौकटीला फूल आणि कुंकू. मजकूर होता : ‘लाडू टिकाऊ. घरीं वरवंटा नसल्यास उपयोग होतो.’ सोलापूर-नागपूरकडची माणसं दर्शन घेऊन त्या दुकानात येत, वर बघत, एकमेकांना ढोसत आणि लाडू न घेताच हसत बाहेर पडत. मिठाईवाला मला म्हणायचा, “ही बाहेरगावची माणसं माझ्या दुकानात येऊन फार आनंदी होतात, सार.”

मी गप्प बसायचो. नुसता गप्प नाही, मजा घ्यायचो. रात्री बायकोला वाचून दाखवायचो. गावातल्या प्रत्येक धंदेवाल्याची फजिती होत होती आणि ती कळणारा धंदेवाला मी एकटाच होतो. हे सुख किती मोठं असतं ते मी कबूल करतो.

मग माझी पाळी आली.

पुण्याहून परत आल्यावर मी वडिलांचं लॉज चालवायला घेतलं होतं. एके दिवशी सेतुराव छत्री घेऊन आले. मी म्हटलं, “मामा, तुम्हांला कशाला हवी खोली? घर तर गावातच आहे.” त्यांनी रीतसर नाव लिहिलं, भाडं दिलं, दुपारभर खोलीत झोपले आणि चहा घेऊन गेले. संध्याकाळी मी नकाशा उघडला. दोन नक्षत्रं. वर तमिळमध्ये : ‘शांत लॉज. स्टेशन जवळ.’ खाली :

‘झुरळ एकही नाहीं. झुरळासही हवा लागते.’

ओळ चांगली होती, हे मला आज दिसतं. त्या दिवशी दिसलं नाही. मी रात्री ती बायकोला वाचून दाखवली नाही. तिने सकाळी आपणच वाचली आणि न्याहारी वाढताना हसू दाबत होती. मला वाटलं होतं, मी त्यांच्या ‘आपल्या माणसांत’ आहे. मी दुकानदारांत निघालो.

वैत्ती माझ्या लॉजला जेवण पुरवायचा. थोराड, घामेजलेला, कमरेला टॉवेल, हातात सदैव डाव. तो मला पूर्वीपासून विचारत असे, “वेंकू सार, रावजींनी माझ्यासाठी कुठला मंत्र लिहिलाय?” आणि मी म्हणत असे, “आशीर्वाद आहे.” त्या सकाळी त्याने पुन्हा विचारलं. मी त्याचा फोन हातात घेतला. मताच्या खाली भाषांतराचं बारीक बटण असतं; ते कितीतरी दिवस तिथेच होतं, पण मंत्राचं भाषांतर कोण करतो? मी ते दाबलं आणि फोन त्याच्या हातात दिला. एक शब्द बोललो नाही. घरचं बोलणं मी बाहेरच्याला करून सांगितलं नव्हतं, फक्त बोटाने दाखवलं होतं, असं मी स्वतःला पुढे पुष्कळ दिवस समजावत राहिलो.

पण जे कधी सांगितलं नाही ते हे. जानकीचं लग्न ठरलं होतं. मुलगा कोईमतूरचा, तमिळ, तिच्याच शाळेत काही दिवस शिकवायला होता. सेतुरावांनी आधी नाही म्हटलं, मग त्याला तीन वेळा जेवायला बोलावून तपासलं आणि हो म्हटलं. मुहूर्त पंधरा दिवसांवर होता आणि आचारी वैत्ती होता. हे मला माहीत होतं. बटण दाबताना माझ्या मनात ते आलं होतं. आलं होतं म्हणूनच दाबलं.

बाजारात ते वाऱ्यासारखं पसरलं. संध्याकाळपर्यंत जो तो आपापला मंत्र दाबून बघत होता. मिठाईवाल्याला चौकट उतरवता येईना, कारण तिला इतके दिवस कुंकू वाहिलेलं. त्याने तिच्यावर कॅलेंडर टांगलं. कॉफीवाल्याने सेतुरावांच्या पुढ्यात नुसतं दूध ठेवलं आणि शेजारी वेगळं पाणी. “गाय आज आली नाही, रावजी. तुम्हीच मिसळून घ्या.”

न्हाव्याच्या दुकानात मी स्वतः बसलो होतो. सेतुराव खुर्चीत, गळ्याला साबण, मान मागे. न्हावी वस्तरा पट्ट्यावर घासत होता. घासत राहिला. बराच वेळ.

“धार लावतोय, रावजी,” तो शांतपणे म्हणाला. “जिभेवरची काढून.”

सेतुराव मान मागे ठेवूनच म्हणाले, “सावकाश लाव. घाई नाहीं.”

त्या दिवशी दाढी उत्तम झाली. घरी जाऊन त्यांनी न्हाव्याचं एक नक्षत्र वाढवलं. याला भीती म्हणावी की न्याय, हे मला आजही ठरवता येत नाही.

वैत्ती मात्र हसण्यावारी नेणारा नव्हता. तो सेतुरावांच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. “माझ्या आजोबांपासून आम्ही या गावची लग्नं जेवू घातली. माझ्या सांबारात डाळ नाही? ते पुसा, रावजी. पुसलं नाहीत तर मी चूल पेटवणार नाही.” आणि गेला.

लग्नाचा मोसम. गावातलेच काय, पार तिरुनीलक्कुडीपर्यंतचे सगळे आचारी ठरलेले. सेतुरावांनी छत्री घेऊन दोन दिवस पायपीट केली आणि रिकाम्या हाताने परतले. मग मला बोलावणं आलं.

“वेंकू, पुसावयाचां कसां, दाखव.”

ओट्यावर दुपारचं ऊन आलं होतं. जानकी दारात उभी होती. मी वैत्तीचं मत काढून दिलं, कुठे दाबायचं ते दाखवलं. सेतुरावांनी बोट पुढे केलं आणि तसंच हवेत धरून ठेवलं.

“अप्पा, पुसा ना,” जानकी म्हणाली. “एक सांबार. माझ्यासाठी.”

“पुसतों बाळ.”

बोट खाली येईना. मी म्हटलं, “मामा, एवढं काय आहे त्यात? गुण मिळून झाले, पायऱ्या संपल्या. मोजेही मिळाले. आता कशासाठी?”

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, जुन्या मतांपर्यंत मागे सरकवत नेलं आणि तो जानकीला दिला. “वाच.”

एका देवळाच्या बाजूच्या दरवाजाबद्दल त्यांनी कधीतरी लिहिलं होतं : ‘उत्तरेच्या दारास पायऱ्या नाहींत. पहारेकऱ्यास विनंती केल्यास उघडतो.’ त्याखाली सोलापूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं. जानकीने मोठ्याने वाचलं : “काका, आई चालू शकत नाही. तीन देवळांत आम्ही तिला गाडीत बसवून बाहेरून नमस्कार करायला लावला. तुमचं वाचून इथे उत्तरेच्या दाराने गेलो. तिने आतून दर्शन घेतलं. तुम्ही मिठाईच्या दुकानाबद्दलही खरं लिहिलं होतं, म्हणून दाराबद्दलही खरं असेल असं वाटलं.”

ही गोष्ट सेतुरावांनी गावात कोणाला दाखवली नव्हती. नारिंगी चिन्ह पोस्टमनला दाखवणारा माणूस.

“लाडू खोटा लिहिला असता,” ते म्हणाले, “तर ती बाई दारापर्यंत आली नसती. आज वैत्तीचां पुसलों, उद्यां कोणी कां विश्वास ठेवावा?” मग जानकीकडे वळून, “पण तुजहून मोठां कांहीं नाहीं. तूं म्हणशील तर पुसतों. तूंच दाब.”

जानकी फोन हातात धरून उभी राहिली. तिचं वय उलटून चाललंय असं नातलग वर्षानुवर्षं म्हणत होते. तिच्या हातात एक बटण होतं. मी मनात म्हणत होतो, दाब. ती दाबेल तर सगळं मिटेल, आणि सुरू कोणी केलं हे कोणी विचारणार नाही.

तिने फोन बंद करून त्यांच्या खिशात सरकवला. “मग वैत्तीअण्णांना काय सांगणार?”

“सांगतों कीं सगळ्यांसमोर जेवीन. आणि सगळ्यांसमोर सांगेन. मग चूल पेटवावी कीं नाहीं, तें त्याचां.”

वैत्तीने ते ऐकलं आणि छाती पुढे काढली. “असंच होऊ दे. व्याह्यांच्या पंगतीत सांगा. आधी जेवा, मग बोला.” म्हणजे चूल पेटली, पण आता मुलीच्या बापाने व्याह्यांसमोर आपल्याच घरच्या जेवणाला काय म्हणायचं, ते भोजनाच्या वेळेपर्यंत टांगून राहिलं. जानकी मुहूर्तावर मंगळसूत्र बांधून घेतानाही मधूनच वडिलांकडे बघत होती.

वैत्तीने त्या दिवशी जीव ओतला. केळीच्या पानांवर वाढपी नुसते धावत होते. सेतुराव व्याह्यांच्या शेजारी बसले. अख्खा हॉल जेवत होता आणि बघतही होता. बाजारातले सगळे दुखावलेले लोक आमंत्रणावरून आले होते, न्हावीसुद्धा. सेतुराव नेहमीसारखे जेवले, सावकाश, एकेका पदार्थाजवळ थांबत. पायस संपलं. वैत्ती डाव हातात धरून समोर येऊन उभा राहिला.

“सांगा, रावजी.”

सेतुरावांनी व्याह्यांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि स्वच्छ तमिळमध्ये म्हणाले, “फार छान झालं, वैत्ती.”

हॉलने श्वास सोडला. वैत्तीने सोडला नाही.

“तमिळमध्ये नको,” तो म्हणाला. “तमिळमध्ये तुम्ही सगळ्यांना छानच म्हणता. मराठीत सांगा, रावजी.”

आधी व्याही हसले, मग सगळा हॉल. आमचे मराठी नातलग मात्र हसले नाहीत. सेतुरावांनी पानाकडे बघितलं. मग तिकीट परत करावं तशा आवाजात सांगितलं : “रसम फक्कड. सांबारांत डाळ भेटली, संतोष जाहला. पायसांत वेलदोडा नव्हें, वेलदोड्यांत पायस होतां. आणि मुलीकडल्या पंगतीस भात निवलेला आला. तीन.”

वैत्तीने भाषांतरासाठी फोन पुढे धरला होता. पण नादस्वर आणि तविलचे ढोल इतक्या जोरात चाललेले की फोनला काही ऐकू येईना. तो वळला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाला, “वेंकू सार, तुम्ही सांगा. पहिल्यांदा तुम्हीच मला दाखवलंत ना.”

हसण्याच्या गडबडीत ते बहुतेकांच्या कानांवरून गेलं. सेतुरावांच्या नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पापनाशम् जवळ आल्यावर ते दाराशी उभे राहून बघत तसंच.

मी उठून उभा राहिलो होतो. का, ते माहीत नाही. “पाच,” मी म्हणालो. “पाच नक्षत्रं. असं जेवण झालं नाही म्हणाले.”

आमची माणसं खाली मान घालून पानातल्या मिठाशी खेळत राहिली. घरचं बोलणं ती बाहेर नेत नाहीत. वैत्तीचा बांध फुटला. तो डाव टाकून सेतुरावांच्या पायांवर पडला आणि रडायला लागला. सेतुरावांचा हात आशीर्वादाला त्याच्या डोक्यावर गेला, पण डोळे माझ्यावरच होते.

हात धुवायच्या नळाशी मी त्यांना गाठलं. “मामा, मी चुकलो. तुम्ही मला दोन दिलीत म्हणून रागाने...”

“तें कळलां.” ते चूळ भरून म्हणाले. “दोन मिळालेला मनुष्य दुसरां काय करील? पण हें आतांचां काय केलांस?”

“लग्न सुरळीत पार पडावं म्हणून.”

“लग्न सकाळींच पार पडलां, वेंकू. तूं हें आपल्यासाठीं केलांस. पहिल्याने मज लागलां. ह्याने वैत्तीस लागेल. त्यास ह्यापुढें वेलदोडा कोण सांगेल?” आणि धोतराला हात पुसत ते मागच्या अंगणाकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी ते जानकीला पोहोचवायला कोईमतूरला गेले आणि पुढे तिच्याकडेच राहिले. तिथलं त्यांचं लिखाण मी नकाशावर वाचत असे. वरची अदबशीर ओळ तेव्हापासून गेली. जे काय ते सगळं तमिळमध्ये, दुकानदाराला कळेल असं. मराठीही असे, पण तिच्यात तेच असे जे तमिळमध्ये होतं. शेवटचं मत वारण्याच्या आठवड्यातलं आहे, दवाखान्याच्या बाकाबद्दल.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी. मी हॉलच्या मागच्या खिडकीशी उभा होतो. अंगणात मोठमोठी पातेली उलटी घालून ठेवली होती आणि वैत्ती एका उलट्या पातेल्यावर बसून टॉवेलने वारा घेत होता, जगातला सगळ्यात सुखी माणूस. सेतुराव छत्री टेकत त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला शब्द ऐकू येत नव्हते. फक्त दिसत होतं की सेतुरावांनी उजवा हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

वैत्ती उभा राहिला. त्याने दोन्ही हात आकाशाकडे नेले. हॉलकडे बोट दाखवलं, म्हणजे बहुधा माझ्याकडे. मग चार बोटं वर करून सेतुरावांच्या नाकासमोर नाचवली. सेतुरावांची तीनच राहिली. वैत्ती तरातरा आत गेला, वाटीभर पायस घेऊन आला आणि त्यांच्या हातात कोंबलं. सेतुराव उभ्याउभ्याच प्याले, डोळे मिटून. वैत्ती कमरेवर हात ठेवून वाट बघत होता.

मध्ये जावं असं मला फार वाटलं. पण त्या दोघांना दुभाष्याची गरज नव्हती. सेतुरावांनी रिकामी वाटी छत्री धरलेल्या हातात घेतली, उजवा हात पुन्हा वर केला. तीन बोटं ताठ होती. चौथं हळूहळू वर येत होतं आणि अर्ध्यावर येऊन तिथेच वाकून राहिलं होतं.